सून फिलिपिन्सची, नथ बडोद्याची: हाताने घडवलेला लग्नाचा दागिना कुठून आणि कसा घ्यावा?

बडोद्याची माई (मे)

नमस्कार. मी दांडिया बाजारात राहते, बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनीयर आहे. त्याचं लग्न ठरलंय. मुलगी फिलिपिन्सची, मनिलाच्या उत्तरेला बुलाकान म्हणून प्रांत आहे तिथली. दुबईत नर्स आहे. गेल्या दिवाळीत घरी येऊन गेली. दारात पाऊल टाकल्याबरोबर तिनं आमच्या वन्संचा हात हातात घेतला आणि वाकून स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात, 'मानो पो' म्हणतात. वन्सं ७९ वर्षांच्या, कुणाला चटकन जवळ करणाऱ्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी आपल्या वाटीतली बासुंदी तिच्या वाटीत ओतली.

लग्न दोनदा लागणार. डिसेंबरात मालोलोसच्या चर्चमध्ये आणि फेब्रुवारीत इथे, आपल्या पद्धतीनं.

चर्चमधल्या लग्नात तिच्या गळ्यात माझ्याकडून तिच्या मातीतला दागिना असावा असं मला फार वाटतं. बोलता बोलता तिनं सांगितलं, आजीकडे सोन्याच्या जाळीदार मण्यांची लांब माळ होती, तांबोरिन म्हणतात. तिची आई पहिल्यांदा परदेशी नोकरीला निघाली तेव्हा एजंटचे पैसे भरायला ती माळ विकली. हे सांगताना तिचा हात आपोआप गळ्याशी गेला. तेव्हाच मी मनात ठरवलं.

पण मला ती मॉलमधली नको. त्याचं कारण माझी आई. बाबांच्या पगारात भागत नव्हतं म्हणून ती एका सराफासाठी घरी मंगळसूत्राचे काळे मणी ओवायची. आम्ही झोपलो की पाटावर पांढरं फडकं अंथरायची, दोऱ्याला मेण लावायची आणि बारीक तारेला पीळ देऊन केलेल्या सुईनं एकेक मणी उचलायची. मजुरी सरावर. एका सरात मणी कमी निघाला की तो माणूस अख्ख्या पुडीचे पैसे कापायचा. तो मणी पुडीत मुळातच कमी आला होता हे सांगायची सोय नव्हती. पन्नाशीत तिचे डोळे गेले. तिनं ओवलेली किती मंगळसूत्रं या गावात बायकांच्या गळ्यात असतील, आणि एकीलाही तिचं नाव माहीत नसेल. म्हणून या लग्नात जो दागिना येईल तो कुणाच्या हातचा आहे हे मला कळायला हवं, आणि तिची मजुरी तिच्याच हातात पडायला हवी. हे लांबून कसं जमवायचं?

आणखी एक पेच आहे. आमच्या घरात सासूबाईंची बसरा मोत्यांची नथ आहे. व्हिडिओ कॉलवर मी ती हौसेनं दाखवली आणि विहीणबाई एकदम गप्प झाल्या. नंतर मुलीनं सांगितलं, त्यांच्याकडे नवरी लग्नाच्या दिवशी मोती घालत नाही. मोती म्हणजे अश्रू. आणि इकडे वन्संनी वेगळंच काढलं. त्यांच्या चर्चमध्ये नवरा नवरीच्या ओंजळीत १३ नाणी ओततो, 'आरास' म्हणतात त्याला. वन्सं म्हणतात, "तेरा? तेरा तर तेराव्याला." त्यांना आपलं मोती नको, आपल्याला त्यांचं तेरा नको. दोन्ही घरांची मनं राखायची आहेत. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

ऑर्टिगासची जुनी शेजारीण

माई, आमची नऊ वर्षं मनिलात गेली. मिस्टर मांडालुयोंगला आशियाई विकास बँकेत होते. तुमचं वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहिते.

तांबोरिन स्पॅनिश काळातला दागिना. तिथे कॅथलिक धर्म आला, त्याबरोबर जपमाळ आली, आणि सोनारांनी जपमाळेचीच गळ्यातली माळ केली. आतून पोकळ मणी, बाहेरून तारेची जाळी, त्यावर बारीक रवे, मध्ये पदक. पूर्वी त्या पदकात संताचा अवशेष किंवा चित्र ठेवायचे. मणी लांबून कळ्यांसारखे दिसतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आपली बोरमाळच आठवली.

तुमचं नशीब असं की मुलगी बुलाकानचीच. दागिन्यांसाठी नावाजलेलं मेयकावायान त्याच प्रांतात आहे, मालोलोसहून मनिलाला येताना वाटेवरच लागतं. मोठी दुकानं पाहून परत फिरू नका. पुष्कळ काम गल्ल्यांमधल्या छोट्या, घरगुती कारखान्यांत होतं. एक घर तार ओढतं, दुसरं जडवतं, तिसरं पॉलिश करतं, ओवायला आणखी कुणी. दुकानदाराला "हे तुमचंच का?" विचारलं तर तो हो म्हणेल, त्याच्या लेखी ते खरंही असतं. म्हणून असं विचारा: "तार कोण वळतं? तिला मण्यामागे देता की रोजावर? तिला भेटता येईल का?" तिसऱ्या प्रश्नाला जो खुशीनं उठून तुम्हाला मागच्या गल्लीत नेईल, त्याच्याकडे काम द्या.

एक गोष्ट मी स्वतः उशिरा शिकले. मेयकावायानच्या नदीचं नाव २००७ साली जगातल्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत आलं होतं. कातड्याचे कारखाने, जुन्या बॅटऱ्या वितळवणं आणि दागिन्यांच्या कामातलं सांडपाणी, तिन्हीचा त्यात वाटा. दागिना उजळायला आम्ल लागतं. घरात काम असेल तर ते आम्ल त्याच घरातल्या मोरीत जातं, पोरं तिथेच आंघोळ करतात. तेव्हा आम्लाचं काम कुठे होतं, हेही विचारा. बाईला मजुरी चांगली मिळाली आणि फुप्फुसं गेली तर काय उपयोग?

जुनी माळ शोधायच्या नादाला लागू नका. कुणी "शंभर वर्षांपूर्वीची" म्हणून दाखवली तरी नको. तिथल्या २००९ च्या वारसा कायद्यानं जुन्या सांस्कृतिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर काढता येत नाहीत, आणि फेब्रुवारीत ती माळ तुमच्याबरोबर इकडे येणार. शिवाय जुनी घेतली तर आज तार वळणाऱ्या बाईला काय मिळालं? डोक्यातली फणी, पायनेता, घ्याल तर कासवाच्या पाठीची अजिबात नको. त्या कासवाच्या व्यापाराला जगभर बंदी आहे. शिंग, लाकूड, धातू, काहीही चालेल.

दुकानात तुम्हाला ईफुगाओंची 'लिंगलिंग-ओ' कर्णभूषणं किंवा त'बोलींच्या पितळी घुंगरांचे पट्टे दाखवतील. फार सुंदर असतात. पण ईफुगाओ उत्तरेच्या डोंगरातले, त'बोली पार दक्षिणेला मिंदानाओतले. बुलाकानच्या मुलीला ते देणं म्हणजे कोल्हापूरच्या मुलीला नागा माळ घालून "घे, तुझ्या गावची" म्हणणं. घ्यायचं तर वेगळी भेट म्हणून घ्या.

मुलाला बारोंग, म्हणजे त्यांच्याकडचा समारंभाचा सदरा, शिवाल तेव्हा आक्लान प्रांतातलं अननसाच्या पातीच्या धाग्याचं कापड बघा. ते विणणाऱ्याही बहुतेक बायकाच. २०२३ साली ते युनेस्कोच्या यादीत आलं.

आणि माई, आधी 'पामानहिकान' करा. मुलाकडचे जेवणखाण घेऊन मुलीच्या घरी मागणी घालायला जातात. शब्दाचा अर्थच घराचा जिना चढून जाणं. दागिन्याचं, मोत्याचं, सगळं तिथे समोरासमोर बसून सुटतं. फोनवर नाही.

---

तारकाम

मी सोनार. मांडवीजवळ दुकान, आजोबांपासूनचं. हातचं काम ओळखायचं कसं, एवढंच सांगतो.

माळेच्या पुढच्या बाजूचे फोटो मागू नका, मण्याच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे मागा. हाताच्या तारकामात दोन बारीक तारांना पीळ देतात आणि मग दाबून चपटं करतात, त्यामुळे कडेला बारीक दाते दिसतात, करवतीसारखे. साच्यात ओतलेल्या नकलेत ते दाते विरघळल्यासारखे गुळगुळीत होतात आणि भिंगातून बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. दुसरं, प्रत्येक मण्याचं वजन विचारा. सगळे मणी अगदी सारखे भरले तर शंका घ्या. हातच्या कामात थोडा फरक राहतोच.

डाक नीट समजून घ्या. तारेला तार जोडताना जो डाक लागतो तो कमी तापमानाला वितळावा म्हणून त्यात सोनं कमी असतं. जाळीच्या कामात सांधे शेकड्यांनी, म्हणून मोडीत दर थोडा कमी येतो. तो सोनाराचा खोटेपणा नाही. आणि २२ कॅरेटचा हट्ट धरू नका, इतकी बारीक जाळी मऊ सोन्यात लवकर चेपते. १८ कॅरेट, म्हणजे ७५० चा शिक्का, पुरेसा. बजेट कमी असेल तर चांदीवर सोन्याचा मुलामा घ्या, हात तोच लागतो. आपल्याकडे कटकला चांदीचं तारकाम आहे, त्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते काम एकदा बघून ठेवा, नजर बसेल.

घडणावळीवर घासाघीस करू नका. सोन्याचा भाव बाजार ठरवतो, तो कुणी तुमच्यासाठी सोडत नाही. तुम्ही दोन हजार कमी करून घेतले की ते त्या बाईच्या मजुरीतूनच जातात. मी या धंद्यातला आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

नाण्यांबद्दल. घरात जुने बडोदा संस्थानचे रुपये असतील तर ते आरासला न्यायचा मोह होईल. नेऊ नका. शंभर वर्षांवरची नाणी आपल्या १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरतात, देशाबाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर मनस्ताप होईल.

तुमच्या आईचं वाचलं. आमच्याकडे तिघी जणी ओवायचं काम करतात. पुडी देताना मणी मोजून देतो, त्यांच्यासमोर. पण बिलात त्यांची मजुरी घडणावळीत मिसळून जाते, वेगळी कधी लिहिली नाही. आता लिहीन.

---

घरखाते

अहमदाबादला इलाबेन भट्टांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना उभी केली, तेव्हा सुरुवातीच्या लढायांपैकी एक हीच होती की घरी बसून विडी वळणारी, गोधडी शिवणारी बाई 'कामगार' आहे हे मान्य करा. फिलिपिन्समध्ये घरी काम आणून करणाऱ्या कामगारांची 'पाटामाबा' ही संघटना १९८९ पासून आहे. दोन्हीकडच्या बायका एकमेकींना ओळखतात. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरून काम करणाऱ्यांसाठी करार क्रमांक १७७ केला, त्यामागे अशाच बायकांचा रेटा होता. ओळखीतून कारागीर सापडली नाही तर अशा संघटनेला पत्र लिहा, त्या वाट दाखवतात. आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. सोनं विकत घ्यायला तिला कर्ज काढावं लागलं तर तुमची मजुरी व्याजात जाईल.

---

दोन सासरची

काकू, मी ग्वाल्हेरची, नवरा फिलिपिन्समधल्या सेबूचा. आमच्याही लग्नात मोत्यावरून दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं, म्हणून लिहिते.

तुमच्या विहीणबाई गप्प झाल्या त्या नावडलं म्हणून नव्हे, धास्तीनं. गंमत बघा, पालावानच्या समुद्रातला सोनेरी मोती १९९६ पासून त्यांचं राष्ट्रीय रत्न आहे, सणासुदीला बायका मिरवतात. अडचण फक्त नवरीची आणि फक्त लग्नाच्या दिवसाची. नियम कुठपर्यंत लागू आहे ते त्यांनाच विचारा. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "चर्चमध्ये नको, तुमच्या मंडपात तुमचे नियम." नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ करून घ्या, पण जुनी नथ मोडून नव्हे, वेगळी.

आणखी एक नियम असतो, 'सुकोब'. एकाच वर्षात दोन भावंडांनी लग्न करायचं नाही. तिच्या भावाबहिणीचं कुणाचं ठरलेलं नाही ना, तेवढं बघा.

तेराबद्दल: येशू आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा, असं आम्हाला सांगितलं. पूर्वी नवराच नाणी द्यायचा, हल्ली बरीच जोडपी एकमेकांच्या ओंजळीत देतात, 'माझं ते तुझं' म्हणून. नाणं खाली पडलं तर अपशकुन मानतात. मोठी, निसरडी घेऊ नका. आमचा सराव आदल्या रात्री पलंगावर चादर पसरून झाला होता.

आणि सांपागिता हे त्यांचं राष्ट्रीय फूल म्हणजे आपला मोगराच, दुसरं काही नाही. तिथे चर्चच्या दारात मोगऱ्याचे हार विकायला बसलेल्या बायका बघितल्या की मला पाटणकर बाजारातल्या फुलवाल्या आठवायच्या. मोत्याच्या जागी मोगऱ्याच्या कळ्या घडवता येतील. दोन्ही आयांना कळतील.

---

बडोद्याची माई (ऑगस्ट)

उशिरा लिहितेय, माफ करा. सगळं मनासारखं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

कारागीर सापडली. विहीणबाईंच्या चर्चमध्ये प्रार्थनेला येणाऱ्या एका बाईंची भावजय, मेयकावायानची. घरात दोन खोल्या, पुढच्या खोलीत तार वळते. आम्ही व्हिडिओवर भेटलो. मुलगी मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. मी घाबरतच आम्लाचं विचारलं. तिनं फोन उचलला आणि मागच्या अंगणात नेऊन दाखवलं. उजळायचं काम ती घरात करतच नाही, नवऱ्याच्या मामांच्या शेडमध्ये जातं. धाकटी आजारी पडायला लागली तेव्हापासून बंद केलंय म्हणाली. मग तिनंच मला विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? मी माझ्या आईचं सांगितलं. मुलीनं ते तिच्या भाषेत सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग आपली बोटं कॅमेऱ्यासमोर धरली. टोकं चपटी झालेली, काळपट. माझ्या आईची अशीच होती.

माळ चांदीची, वर सोन्याचा मुलामा. पूर्ण सोन्याची परवडेना, आणि तारकाम दादांनी धीर दिला होता. मणी मोगऱ्याच्या कळीचे. निम्मे पैसे आगाऊ पाठवले. बिलात तीन नावं आहेत: तार वळणारी, डाक देणारी आणि ओवणारी, प्रत्येकीची मजुरी वेगळी. बिल मी लॅमिनेट करून घेतलंय, दागिन्याच्या डबीतच राहील. नवरीला उद्या कुणी विचारलं तर तिला सांगता यावं.

मोत्यांचं मी फोनवरच बोलून टाकलं, धीर धरवला नाही. विहीणबाईंनी एकच विचारलं, "ही नथ घालून कुणी रडलंय का?" खोटं कसं बोलू? सांगितलं, सासूबाई तिशीत विधवा झाल्या, नथ पेटीत गेली ती २२ वर्षं तिथेच होती. नंतर त्यांनी स्वतःच्या हातानं ती माझ्या नाकात घातली, त्याला यंदा ३६ वर्षं झाली, आणि मालक आत बसून पेपर वाचतायत. विहीणबाई हसल्या. मग डोळे पुसले. म्हणाल्या, चर्चमध्ये नको, पण बडोद्यात घालावी, आणि तुम्हीच घालावी, तुमच्या हातानं. जुनी नथ मोडली नाही. तशीच मागे दाब असलेली नवी तारकाम दादा करतायत, आणि जुनीतला एक मोती वन्संच्या परवानगीनं तिच्यात जाणार आहे.

तेराचं वन्संनीच सोडवलं. मी बारा शिष्यांचं सांगून पाहिलं होतं, ऐकून घेतलं पण मान हलली नाही. आठवड्याभरानं त्यांनी देवघरातली पितळी डबी उघडली. सयाजीराव महाराजांचा मुखवटा असलेला चांदीचा एकच रुपया होता आत, त्यांच्या लग्नातला. तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "तेरा तिच्या ओंजळीत दे. चौदावा हा. हा इथंच देवापुढे राहील. मग तेरा राहत नाहीत." त्याहून चांगलं मला काही सुचलं नसतं. तेरा नवी चांदीची नाणी मांडवीला पाडायला दिलीत, एका बाजूला मोगरा. लहानच, मुठीत मावतील अशी. सराव आम्हीही चादरीवर करणार.

सुकोबचं विचारलं. मोठ्या भावाचं याच वर्षी ठरत होतं, त्यांनी ते आपणहून पुढच्या वर्षावर नेलं. आम्हाला कळवलंही नव्हतं.

आम्ही सप्टेंबरात पामानहिकानला निघतोय, मी, हे आणि वन्सं. वन्संचा पासपोर्ट आयुष्यात पहिल्यांदा झालाय. जाताना मेयकावायानला त्या तिघींकडे जाणार आहे. आईची पिळाच्या तारेची सुई अजून माझ्याकडे आहे, ती ओवणारीला दाखवायची आहे, तिची कशी असते ते बघायचंय. विहीणबाईंकडे न्यायला लीलो चेवडो, आमच्या बडोद्याचा ओला चिवडा, बांधून घेतेय. कुणी नेला आहे का विमानानं? त्यात बटाटा ओलसर असतो, चार दिवस टिकेल ना?